गोड्या पाण्याचा संशय

कन्नड तालुक्यात कुठल्याही गावात जाऊन पाणी कसं आहे असं विचारा, उत्तर स्वयंपाकघरातून येतं. डाळ शिजत नाही. साबणाला फेस धरत नाही. पातेल्याच्या तळाला पांढरी खपली येते. हे जड पाणी, म्हणजे वाईट. याउलट दोन शिट्ट्यांत तूरडाळ मऊ होत असेल आणि जिभेला मचूळ लागत नसेल, तर ते गोडं पाणी. पाहुण्याला पेला भरायचा तो त्याच बोअरचा.

भूवैज्ञानिक या साक्षीला हसत नाही, कारण ती बऱ्यापैकी अचूक असते. पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम जास्त असलं की ते डाळीतल्या पेक्टिनला बांधून ठेवतं आणि दाणा कडक राहतो. म्हणजे डाळ लावणारी बाई नकळत पाण्याचा जडपणा मोजतच असते. पण तिचं मोजमाप तिथे संपतं. फ्लोराइड, नायट्रेट, आर्सेनिक यांना अपाय करण्याइतक्या प्रमाणातही ना चव असते, ना वास, ना रंग. त्यातही फ्लोराइडच्या बाबतीत चुलीची साक्ष चक्क उलटी पडते. ज्या पाण्यात डाळ सगळ्यात पटकन शिजते, त्याच पाण्याकडे भूवैज्ञानिक संशयाने बघतो. असं का, हे समजायला आधी कन्नडचा खडक पाहायला हवा.

तो पाहायला खणावं लागत नाही. कन्नडहून चाळीसगावच्या दिशेने निघालं की औट्रम घाट लागतो. जेम्स औट्रम या इंग्रज अधिकाऱ्याचं नाव अजून बाळगणारा हा घाट म्हणजे मराठवाडा संपून खानदेश सुरू होण्याची पायरी. माथ्यावरचं पाणी शिवना नदीतून गोदावरीकडे जातं आणि कड्याखाली पडलेलं पाणी गिरणेमार्फत तापीला. रस्ता अडीच-तीनशे मीटर खाली उतरतो आणि तेवढ्या उंचीत काळ्या खडकाचे थर एकावर एक रचलेले उघडे दिसतात. हा दख्खनचा बेसाल्ट. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या भेगांतून लाव्हा पुन्हा पुन्हा वर आला, पसरला, थिजला. मग काही काळ उसंत, आणि पुन्हा नवा लोंढा. आज महाराष्ट्राचा ऐंशी टक्क्यांहून अधिक भूभाग याच खडकावर उभा आहे. जवळची पितळखोऱ्याची लेणी यातच कोरलेली आहेत, आणि पलीकडच्या खुलताबाद तालुक्यातली वेरूळचीही.

दुरून एकसंध दिसणारा हा खडक विहीर खणणाऱ्याला तसा कधीच भेटत नाही. वर माती, मग मुरूम, मग भेगाळलेला दगड, मग सुरुंगाशिवाय न हलणारा काळा पाषाण. प्रत्येक लोंढ्याचा खालचा भाग घट्ट असतो आणि वरचा भाग वायूच्या बुडबुड्यांनी सच्छिद्र झालेला. दोन लोंढ्यांच्या मध्ये अनेकदा विटकरी रंगाचा, गेरूसारखा मऊ थर सापडतो. एका लोंढ्यानंतर दुसरा येईपर्यंत पहिल्याचा पृष्ठभाग ऊनपावसाने कुजला, आणि नव्या लाव्ह्याने तो भाजून काढला, त्याची ही खूण. पाणी राहतं ते भेगांत, सच्छिद्र माथ्यांत आणि या सांध्यांच्या आसपास. घट्ट पाषाणात ते नसतंच. म्हणून एका शेतात दोन इंची पाणी लागतं आणि बांधापलीकडच्या शेतात पाचशे फूट जाऊनही नुसती धूळ निघते.

त्या बुडबुड्यांच्या पोकळ्यांतच आपल्या गोष्टीचा एक धागा अडकलेला आहे. कोट्यवधी वर्षं खडकातून फिरलेल्या गरम-कोमट पाण्याने त्या पोकळ्यांत स्फटिक भरले. खाणीत, रस्त्याच्या कटाईत पांढरे, गुलाबी, हिरवट चमकणारे खडे दिसतात ते हेच झिओलाइट आणि त्यांचे सोबती. या सोबत्यांतला सगळ्यात देखणा म्हणजे अपोफिलाइट. नाशिक, जळगाव, पुणे, छत्रपती संभाजीनगर या पट्ट्यातले त्याचे नमुने जगभरच्या संग्रहालयांत आहेत. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात काचेआड ते पाहता येतात. या खनिजाच्या सामान्य प्रकाराच्या रचनेतच फ्लोरिन असतं. बेसाल्टमध्ये सूक्ष्म कणांनी विखुरलेल्या ॲपेटाइटमध्येही ते असतं. थोडक्यात, काळ्या खडकात फ्लोराइड आहे, पण थोडं. ते पाण्यात उतरतं की नाही, हा खरा प्रश्न.

पाऊस पडतो तेव्हा पाणी जवळजवळ शुद्ध असतं. मातीतून झिरपताना मुळांनी आणि जिवाणूंनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड त्यात मिसळतो आणि पाणी किंचित आम्ल होतं. हे आम्ल पाणी बेसाल्टमधली खनिजं हळूहळू खातं. त्यातून मुख्यतः कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेट सुटतं. म्हणून बेसाल्टमधल्या उथळ विहिरीचं पाणी स्वभावतःच जड असतं. यात प्रदूषण काही नाही, हा खडकाचाच गुण उतरलेला आहे. भारतीय मानक संस्थेच्या १०५००:२०१२ या पिण्याच्या पाण्याच्या मानकात एकूण कठीणपणाची इष्ट मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आणि दुसरा स्रोत नसल्यास ६०० पर्यंत सवलत आहे. इतकी ऐसपैस सवलत मिळते, कारण जडपणाने माणूस फारसा बिघडत नाही, भांडी आणि गिझर बिघडतात.

आता त्या माणसाकडे वळू, जो बाटल्या घेऊन गावात येतो. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचा भूवैज्ञानिक असो, केंद्रीय भूजल मंडळाचा असो की विद्यापीठातला संशोधक, गावात त्याला पहिला प्रश्न ठरलेला असतो: “साहेब, पाणी कुठं लागंल?” मराठवाड्यात हा प्रश्न आजवर हातात नारळ धरून शेतातून चालणाऱ्या पाणाड्याला विचारला गेला. तिथे यंत्रं घेतलेला माणूस आला की तो नवा पाणाड्या, असंच लोक धरून चालतात. ‘मी नवं पाणी शोधायला नाही, असलेलं तपासायला आलोय’ असं त्याने सांगितलं की भोवतीची अर्धी गर्दी पांगते. उरलेल्यांपैकी ज्याला बोअर पाडल्याचा खर्च अजून टोचतो आहे, तोच सगळी माहिती तपशिलात देतो. बोअर किती फूट, केसिंग किती फूट, पहिलं पाणी कुठे लागलं, दुसरं कुठे, कुठल्या फुटाला लाल गाळ आला. ही माहिती प्रयोगशाळेतल्या कुठल्याही उपकरणातून मिळत नाही. पाणी नक्की कुठल्या थरातलं आहे हे माहीत नसेल, तर त्याचं पृथक्करण कितीही बारकाईने करा, अर्थ लागणार नाही.

मग नमुना. हापसा असेल तर आधी बराच वेळ हापसून पाइपात साचलेलं शिळं पाणी काढून टाकायचं. बाटली प्लास्टिकची, कारण फ्लोराइडचं काचेशी जमत नाही. ती त्याच पाण्याने विसळून काठोकाठ भरायची. धातू तपासायचे असतील तर वेगळ्या बाटलीत नायट्रिक आम्लाचे थेंब, नायट्रेटची बाटली थंड पेटीत. तापमान, सामू आणि विद्युतवाहकता मात्र तिथेच, विहिरीच्या काठावर मोजायची. बाटलीतल्या पाण्यातून कार्बन डायऑक्साइड निसटला की सामू बदलतो आणि संध्याकाळी प्रयोगशाळेत मिळणारा आकडा त्या विहिरीचा राहत नाही. विहिरीची पाणीपातळी टेपने मोजून वहीत. शेजारी गोठा आहे का, उकिरडा किती अंतरावर, शौचालयाचा शोषखड्डा कुठल्या बाजूला, शेतात काय उभं आहे, हेही वहीत. कन्नडमध्ये मका, कापूस आणि अद्रक यांची नोंद वारंवार होणार. अद्रकाला खत किती लागतं, हे इथल्या शेतकऱ्याला सांगायला नको.

प्रयोगशाळेतून आकडे आले की अनुभवी माणूस सगळ्यात आधी बेरीज करतो. पाण्यातल्या धन भारांची बेरीज ऋण भारांइतकी आली पाहिजे. पाच टक्क्यांच्या आसपास फरक चालतो. फरक वीस टक्के आला तर तो कागद बाजूला. सरकारी असो वा खासगी, बेरीज न जुळणारे अहवाल मुबलक फिरतात आणि त्यांवर निर्णयही होतात, हे माझ्या मते आपल्याकडच्या पाणी-तपासणीचं सगळ्यात दुखरं ठिकाण आहे.

बेरीज जुळली की तपास सुरू होतो, आणि त्याचा पहिला प्रश्न असतो: हे खडकातून आलं की आपल्याकडून? बेसाल्टमध्ये नायट्रोजन जवळपास नाही. क्लोराइडही नगण्य. म्हणून बेसाल्टमधल्या विहिरीत लिटरला ४५ मिलिग्रॅमहून जास्त नायट्रेट आणि त्याच्या जोडीला चढलेलं क्लोराइड दिसलं, तर ते वरून आलेलं आहे: खतातून, गोठ्यातून, शोषखड्ड्यातून. ४५ ही भारतीय मानकातली मर्यादा आहे आणि तिला सवलत नाही, कारण तान्ह्या बाळाच्या रक्तातली प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता नायट्रेटमुळे घटू शकते. मराठवाड्याच्या बेसाल्टमध्ये उथळ विहिरींना खरी बाधा याच नायट्रेटची आहे. त्याचा दोष खडकावर ढकलता येत नाही.

फ्लोराइडचं उलट. ते खडकाचं. पण त्याचा शोध खडकापासून लागला नाही, दातांपासून लागला. अमेरिकेतल्या कोलोरॅडो स्प्रिंग्ज गावात १९०१ साली फ्रेडरिक मॅके नावाचा तरुण दंतवैद्य आला. गावात वाढलेल्या मुलांच्या दातांवर त्याला तपकिरी डाग दिसले. पुढची तीस वर्षं तो त्या डागांच्या मागे होता. पाण्याचा संशय त्याला होता, पण त्या काळच्या नेहमीच्या पृथक्करणात काहीच सापडत नव्हतं. आर्कान्सा राज्यात बॉक्साइट नावाचं खाण-कामगारांचं गाव होतं. तिथे १९०९ साली उथळ विहिरी सोडून खोल विहिरींचं पाणी सुरू झालं, आणि त्यानंतर वाढलेल्या मुलांच्याच दातांवर डाग आले. आधी मोठ्या झालेल्यांचे दात स्वच्छ. अखेर १९३१ मध्ये अल्युमिनियम कंपनीतले रसायनतज्ज्ञ चर्चिल यांनी त्या पाण्याची वर्णपटाने तपासणी केली आणि कुणी मोजतच नव्हतं ते फ्लोराइड सापडलं. बॉक्साइटच्या लोकांनी खोल पाणी घेतलं होतं ते चांगलं म्हणून. ही बाब ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

आपल्याकडे १९३७ मध्ये शॉर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेव्हाच्या मद्रास इलाख्यातल्या नेल्लोरकडचे फ्लोरोसिसचे, म्हणजे फ्लोराइडच्या बाधेचे, रुग्ण नोंदवले. तिथे गोष्ट दातांवर थांबली नव्हती. पाठीचा कणा काठीसारखा ताठ, मान वळत नाही, गुडघे वाकत नाहीत. गावातले लोक याला वात म्हणत. आजही फ्लोरोसिसचे रुग्ण संधिवाताच्या गोळ्या घेत वर्षं काढतात, कारण पाणी तपासा असं सांगणारा कुणी भेटलेला नसतो.

मर्यादेचे आकडे कागदावर इतके चिमुकले दिसतात की त्यांचा धाक वाटत नाही. मराठवाड्याला कळेल अशा मापात सांगतो. दहा हजार लिटरचा टँकर घ्या. लिटरला १.५ मिलिग्रॅम ही फ्लोराइडची कमाल मर्यादा म्हणजे त्या अख्ख्या टँकरमध्ये १५ ग्रॅम, साधारण अडीच चमचे मिठाएवढं. इष्ट मर्यादा १ मिलिग्रॅम, म्हणजे १० ग्रॅम. आठ वर्षांखालच्या मुलाने, ज्याचे कायमचे दात हिरडीत घडत आहेत, याहून जास्त फ्लोराइडचं पाणी रोज प्यायलं तर डाग येऊ शकतात, आणि ते घासून जात नाहीत. तीन ते सहा मिलिग्रॅमचं पाणी वर्षानुवर्षं प्यायलं की हाडांची पाळी येते.

महाराष्ट्रात याची सगळ्यात दुःखद नोंद यवतमाळ जिल्ह्यात आहे, केळापूर म्हणजे पांढरकवडा आणि झरी जामणी या भागात. तशीच चंद्रपूरमध्ये आणि नांदेडच्या किनवटकडे. पांढरकवडा परिसराच्या पाण्याचा एक अभ्यास २००७ मध्ये ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात आला, त्यात फ्लोराइड लिटरला १३ मिलिग्रॅमच्या पुढे गेलेलं आढळलं. नकाशावर ही ठिकाणं जोडा. ती सगळी बेसाल्टच्या पूर्व कडेला आहेत. पश्चिमेला सह्याद्रीत प्रचंड जाड असलेली ही लाव्ह्याची गादी पूर्वेला विरळ होत जाते. पांढरकवड्याकडे बोअर तिला भेदून खालच्या जुन्या चुनखडकात आणि शेलमध्ये घुसतो. किनवटकडे ग्रॅनाइट येतो. ग्रॅनाइटमधल्या अभ्रकात आणि फ्लोराइट नावाच्या खनिजात फ्लोराइड भरपूर असतं.

मग कन्नडने निर्धास्त राहावं का? बऱ्याच अंशी हो. १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीला जी संशोधन-विंधण झाली तिच्यात बेसाल्ट संपून ग्रॅनाइट लागायला सुमारे साडेतीनशे मीटर, म्हणजे अकराशे फुटांहून अधिक खाली जावं लागलं. कन्नडला तर घाटाचा कडाच अडीच-तीनशे मीटर बेसाल्ट उघडा दाखवतो, आणि तो पायथ्याशी संपत नाही. शेतकऱ्याचा बोअर इथे ग्रॅनाइटला शिवण्याची शक्यता नाही. उथळ विहिरीच्या पाण्यात कॅल्शियम इतकं असतं की फ्लोराइड वाढू लागलं तर दोघांचं मिळून कॅल्शियम फ्लोराइड होऊन तळाशी बसायला लागतं. जडपणा हा इथे पहारेकरी आहे. ज्या पाण्याला आपण नावं ठेवतो, ते फ्लोराइडला वर चढू देत नाही.

संशयाची जागा आहे ती खोलात. पाणी खडकात जितकं जास्त काळ राहतं, तितकी त्याची जात बदलते. पोकळ्यांतले झिओलाइट आणि लाल थरांतली चिकणमाती एक व्यवहार करतात: पाण्यातलं कॅल्शियम धरून ठेवतात आणि त्या बदल्यात सोडियम सोडतात. बाजारातलं पाणी मऊ करण्याचं यंत्र याच तत्त्वावर चालतं. वर्षानुवर्षांच्या मुक्कामानंतर जड पाणी मऊ होतं, सामू आठच्या पुढे सरकतो, सोडियम आणि बायकार्बोनेट यांचं राज्य येतं. पहारेकरी उठून गेलेला असतो, आणि खनिजाला चिकटलेलं फ्लोराइड अशा अल्कधर्मी पाण्यात सहज सुटतं. हेच ते पाणी, जे डाळ पटकन शिजवतं.

बेसाल्टमधून सोड्याचं पाणी होऊ शकतं यावर विश्वास बसत नसेल त्यांनी बुलडाणा जिल्ह्यातल्या लोणारला जावं. तिथला खड्डा उल्कापाताने झाला, पण त्याच्या काठचा खडक आपलाच काळा बेसाल्ट आहे. तळ्यातून पाण्याला बाहेर वाट नाही. ते फक्त वाफ होऊन जातं. कॅल्शियम चुन्याच्या रूपात तळाला बसत गेलं आणि वर सोडियम उरलं; सामू दहाच्या घरात. लोणारला हे बाष्पीभवनाने घडलं, खोल बोअरमध्ये घडायचं तर ते मुक्कामाने घडेल. वाट वेगळी, पण कॅल्शियम घालवून सोडियम उरवण्याचा प्रकार तोच.

म्हणून भूवैज्ञानिक पाण्याला त्याचं वय विचारतो. १९६० च्या आसपास झालेल्या अणुबॉम्बच्या हवाई चाचण्यांनी पावसात ट्रिशियम नावाचा किरणोत्सारी हायड्रोजन मिसळला. त्याच्या प्रमाणावरून पाणी अलीकडच्या पावसाचं आहे की त्याआधीचं, याचा अंदाज येतो. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात अशी समस्थानिकांची तपासणी दीर्घकाळ होत आली आहे. हे महागडं काम प्रत्येक बोअरला परवडत नाही. स्वस्त इशारा असा: एकाच गावातल्या विहिरीत कॅल्शियम जास्त, सोडियम कमी, आणि खोल बोअरमध्ये नेमकं उलट, तर ते पाणी जुनं आहे असं धरून फ्लोराइड मोजलंच पाहिजे.

इथे यंत्रणेतली एक फट दिसते. भूजल यंत्रणा राज्यभरातल्या साडेतीन हजारांहून अधिक निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चारदा, जानेवारी, मार्च, मे आणि पावसाळ्यानंतर मोजते. दशकानुदशकं चाललेलं हे काम देशात वाखाणलं जातं, आणि ते योग्यच आहे. पण या विहिरी बहुतांश खणलेल्या, म्हणजे उथळ आहेत. गाव मात्र खोल गेलं. २००९ च्या महाराष्ट्र भूजल अधिनियमाने ६० मीटरपेक्षा, म्हणजे दोनशे फुटांपेक्षा खोल विहिरीला वेगळं काढून तिच्यावर निर्बंध आणले. पण मराठवाड्यात तीनशे-चारशे फुटांचा बोअर ही आता नवलाची गोष्ट नाही. दुष्काळाचं एकेक वर्ष पाइप आणखी खाली ढकलतं. उथळ पाण्याचा आलेख पाहून खोल पाण्याचा निर्वाळा देणं चुकीचं आहे.

जे मोजलं नाही ते सापडत नाही, याचं सगळ्यात मोठं उदाहरण बांगलादेशाचं. तळी-डबक्यांच्या पाण्याने मुलं दगावत होती म्हणून १९७० नंतर तिथे लक्षावधी हापसे बसवले गेले. जंतू नाहीत म्हणून ते पाणी सुरक्षित ठरलं. १९९२ मध्ये ब्रिटिश जिऑलॉजिकल सर्व्हे या नामांकित संस्थेने तिथल्या भूजलाची तपासणी केली, बरीच मूलद्रव्यं मोजली, आर्सेनिक मोजलं नाही. खरं तर शेजारच्या पश्चिम बंगालमध्ये कोलकात्याच्या डॉ. के. सी. साहा यांनी १९८३ मध्येच आर्सेनिकचे रुग्ण ओळखले होते. पुढे एका बांगलादेशी रुग्णाने संस्थेवर दावा लावला. तो ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेला आणि २००६ मध्ये फेटाळला गेला: तपासलं नाही याची कायदेशीर जबाबदारी संस्थेवर येत नाही. कायद्याने सुटका झाली खरी. पण तेव्हापासून कुठलाही प्रामाणिक भूवैज्ञानिक अहवालातला रिकामा रकाना ‘दोष नाही’ असा वाचत नाही.

आर्सेनिक फक्त गाळाच्या प्रदेशात असतं, असंही नाही. गडचिरोलीला लागून छत्तीसगडमध्ये आंबागड चौकी परिसरात कौडीकसा गाव आहे, तिथे ते कठीण खडकातून येतं. तो खडक जुना, ग्रॅनाइट-रायोलाइट जातीचा. बेसाल्टमध्ये ती भीती फार कमी.

या सगळ्यात गावोगाव फिरणारी एक पेन्सिल गोंधळ घालते. पाणी शुद्ध करण्याचं यंत्र विकणारा विक्रेता टीडीएस मीटर पेल्यात बुडवतो, आकडा ७०० दाखवतो आणि मान हलवतो. टीडीएस म्हणजे विरघळलेल्या सगळ्या क्षारांची अंदाजे बेरीज. त्यात मीठ किती, चुना किती, विष किती हे कळत नाही. ७०० टीडीएसच्या जड पाण्यात फ्लोराइड नगण्य असू शकतं आणि ३५० च्या गोड्या पाण्यात ते मर्यादेबाहेर. याहून वाईट म्हणजे दोन दांड्या पाण्यात सोडून वीज लावण्याचा खेळ: पाणी तपकिरी होतं आणि घरातल्यांना धडकी भरते. तो गाळ दांडीच्या लोखंडाचा असतो. कन्नडच काय, मुंबईचं नळाचं पाणीही त्या खेळात तपकिरी होईल.

फ्लोराइड सापडलंच तर काय करायचं, याचं उत्तर मुळात सोपं आणि अंमलात अवघड आहे. नागपूरच्या नीरी संस्थेने १९७० च्या दशकात तुरटी, चुना आणि ब्लीचिंग पावडर वापरून फ्लोराइड काढायची नालगोंडा पद्धत बसवली. घागरीपासून गावाच्या टाकीपर्यंत ती चालते, पण रोज मात्रा मोजून घालणारा माणूस लागतो. बसवलेली यंत्रं वर्ष-दोन वर्षांत धूळ खात पडण्याचं कारण बहुतेकदा रसायनशास्त्रात सापडत नाही, पगाराच्या नोंदीत सापडतं. उकळून फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटल्याने वाढतं. नायट्रेटचंही तेच. माझं मत विचाराल तर कन्नडसारख्या भागात पहिला उपाय मिश्रणाचा: उथळ विहिरीचं कॅल्शियमयुक्त पाणी आणि खोल बोअरचं मऊ पाणी टाकीत एकत्र करणं. पण उथळ विहीर नायट्रेटमुक्त असेल तरच, आणि इथे गाडी पुन्हा गोठ्यावर आणि खताच्या गोणीवर येते. खडकाचा दोष निस्तरायला लागणारं पाणी आपणच वरून नासवत असू, तर भूवैज्ञानिकाने बोट तरी कुठे ठेवावं!

गावातल्या पाण्याला दरवर्षी हिरवं, पिवळं किंवा लाल कार्ड मिळतं. ते मुख्यतः स्वच्छतेच्या जोखमीचं असतं: गळती, डबकी, ब्लीचिंग पावडर. हिरव्या कार्डाचा अर्थ फ्लोराइड नाही, असा काढू नये. जलजीवन मिशनमध्ये गावातल्या पाच महिलांना तपासणी संच हाताळायला शिकवण्याची तरतूद आहे. त्या संचात फ्लोराइडचीही रंग-चाचणी असते. ती आधी करून घ्यावी, आणि रंग मर्यादेच्या जवळ आला तर नमुना भूजल यंत्रणेच्या प्रयोगशाळेत द्यावा.

तुमच्या घरी दोनशे फुटांपेक्षा खोल बोअरचं पाणी पिण्यात असेल, आणि विशेषतः ते मऊ, गोडं, डाळ चटकन शिजवणारं असेल, तर लिटरभराची स्वच्छ प्लास्टिकची बाटली घ्या. मोटार दहा मिनिटं चालू द्या, त्याच पाण्याने बाटली तीनदा विसळा, काठोकाठ भरा. चिठ्ठीवर गाव, तारीख, बोअरची खोली आणि केसिंगचे फूट लिहा. तपासणीच्या अर्जात फ्लोराइड, नायट्रेट, कॅल्शियम आणि सोडियम ही चारही नावं स्वतः लिहा. एकदा मे महिन्यात द्या, एकदा दिवाळीच्या आसपास. अहवाल हातात आला की फ्लोराइडच्या रकान्यात आकडा आहे का ते आधी बघा, आणि तिथे नुसती रेघ ओढलेली असेल तर तो अहवाल परत करून आकडा मागून घ्या.